हतनूरच्या काठावर बसायला फिरतं हाइड कोणतं घ्यावं?

तापीकाठ, भुसावळ

नमस्कार मंडळी. चार हिवाळे झाले, मी हतनूर धरणाच्या फुगवट्याला पक्षी बघायला जातोय. दोन वर्षांपूर्वी ५०० एमएमची लेन्स घेतली आणि तेव्हापासून एकच दुखणं आहे. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, कुठलीच बदकं जवळ येऊ देत नाहीत. बाभळीच्या झुडपाआड गुडघ्यावर बसलो तरी शंभर मीटरवरून माना वर होतात. एक जोडी उठली की तिच्यामागे सगळा काठ रिकामा. मला फोटो मिळत नाही ते एक वेळ चालेल, पण एवढ्या लांबून आलेल्या पाखरांना मी रोज सकाळी उठवून लावतोय ही गोष्ट आता सहन होत नाही.

म्हणून हाइड, म्हणजे पाखरांना न दिसता आत बसायचा आडोसा, घ्यायचं ठरवलंय. कायमस्वरूपी झोपडी बांधून उपयोग नाही, कारण इथला काठच एका जागी राहत नाही. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं. मग शेतीला, गावांना, दीपनगरच्या वीजकेंद्राला पाणी जात राहतं आणि काठ मागे मागे सरकतो. डिसेंबरात जिथे पाण्याला पाय लागत होते तिथे फेब्रुवारीत गाळपेरीचं पीक उभं असतं. त्यामुळे हाइड उचलून नेता येणारंच हवं.

बजेट आठ ते दहा हजार. तीन प्रकार पाहिले: पिळून गोल घडी होणारा स्प्रिंगचा तंबू, भिंतींच्या मधोमध असलेला सांधा (हब) बाहेर ओढून ताठ करायचा हबवाला, आणि खुर्चीवर चढवलेला एका माणसाचा. यूट्यूबवर शोधलं तर सगळे व्हिडिओ अमेरिकेतल्या धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचे. त्यातलं आपल्या कामाचं किती आणि सोडून द्यायचं किती, ते कळेना. जाणकारांनी सांगावं.

सातपुड्याचा_पायथा, चोपडा

भाऊ, आधी कापडावरच्या चित्रांना भुलू नका. त्या तंबूंवर ओक-मेपलची पानं छापलेली असतात. जानेवारीत आपल्या काठावर काय असतं? वाळलेलं गवत, भेगाळलेला गाळ, पऱ्हाटीची धसकटं. सगळं मातकट, फिकट. तिथे गर्द हिरवा तंबू म्हणजे वावरात ट्रॅक्टर उभा केल्यासारखं. छाप कसलाही असो, मूळ रंग खाकी किंवा वाळल्या गवताचा घ्या.

दुसरं, आणि माझ्या लेखी पहिलं: हवा. मी पाच वर्षांपूर्वी जाड कापडाचा, वरून पूर्ण बंद असलेला तंबू घेतला. जानेवारीत सकाळी सात वाजता स्वर्ग. साडेदहाला आत भट्टी. घाम लेन्सच्या मागच्या काचेवर ठिबकायला लागला आणि डोकं गरगरलं. एकटा होतो. बाहेर पडायला चेन सापडेना इतका गोंधळलो होतो. भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो हे आपण गंमत म्हणून सांगतो, पण बंद कापडाखाली हिवाळ्यातलं ऊनही माणसाला पाडू शकतं. छताला झरोका आहे का, मागच्या भिंतीला वरच्या बाजूला जाळी आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पाणी आत तीन लिटर. घरी सांगून जायचं की कुठे बसणार आणि किती वाजता उठणार.

अमळनेरचा_पोर, विस्कॉन्सिन

मूळचा अमळनेरचा, अकरा वर्षं इकडे आहे. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ ज्यांचे आहेत त्यांच्यातलाच मी एक. इथे परवाना काढून हंगामात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करता येते. मी ६२ इंची रिकर्व्ह वापरतो, म्हणजे चाकं नसलेलं साधं धनुष्य. या तंबूंना इकडे ग्राउंड ब्लाइंड म्हणतात. तुम्ही विचारलंय की यातलं तुमच्या कामाचं काय, म्हणून सविस्तर लिहितो.

चाकांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९ सालचं आहे. आज बहुतेक लोक तेच वापरतात, आणि ते आखूड असतं. बाजारातले बरेच तंबू त्या मापाने पुरतात, पण पारंपरिक धनुष्य लांब असतं. रिकर्व्ह साठ-बासष्ट इंच, लॉंगबो सहासष्ट-अडुसष्टपर्यंत. बुटक्या स्टुलावर बसून ते ओढलं की वरचं टोक छताला आणि खालचं स्टुलाच्या पायाला लागतं. म्हणून आम्ही धनुष्य तिरकं धरतो, आणि तरीही छत उंच आणि तंबू ऐसपैस लागतो. पहिल्या वर्षी मी घाईत बुटका तंबू घेतला. महिनाभर वाट पाहिल्यावर एक हरीण पंधरा पावलांवर आलं, मी दोरी ओढली आणि टोक कापडाला घासलं. एवढासा आवाज. हरीण गेलं. त्यानंतर मी दुकानात तंबू उभा करायला लावतो, आत स्टूल टाकून बसतो, आणि बायको टेपने जमिनीपासून धनुष्याच्या टोकापर्यंत माप घेते.

तुमचं धनुष्य म्हणजे लेन्स आणि तिपाई. तिपाईचे पाय किती पसरतात, खुर्ची त्यांच्या मागे बसते का, लेन्स डावीकडून उजवीकडे फिरवताना कोपर भिंतीला लागतं का, हे घरी मोजा. आणखी एक. बाणाचं टोक खिडकीबाहेर येऊ द्यायचं नसतं, खिडकीपासून मागे, अंधारात बसून सोडायचा असतो. लेन्सचं तेच. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, बाहेर काढून बसलात तर तंबू असून नसल्यासारखा. त्यासाठी आत खोली हवी. म्हणून खुर्चीवरचा तंबू मी तरी सुचवणार नाही, त्यात मागे सरकायला जागाच नसते.

खिडकीची खालची कड नीट बघा. बाण डोळ्याच्या रेषेच्या बराच खालून निघतो. डोळ्याला हरीण दिसतं, पण बाण खिडकीच्या कडेला धडकतो, असं नवख्यांचं हमखास होतं. तुम्हाला तर बदकाच्या डोळ्याच्या पातळीवर लेन्स हवी असणार. जमिनीपासून दीड फुटाच्या आत उघडणारी खिडकी असलेलाच तंबू घ्या. उभ्याने मारण्यासाठी केलेल्या तंबूंच्या खिडक्या फार वर असतात.

आतून अस्तर काळं असतं ते उगीच नाही. आत अंधार असला की बाहेरून काही दिसत नाही, पण समोरची आणि मागची खिडकी एकाच वेळी उघडी राहिली की तुमची आकृती उजेडावर उमटते. मागचं सगळं बंद, अंगात काळा किंवा गडद सदरा, हातमोजे, तोंडाला गडद फडकं. खिडकीच्या जाळीतून बाण सोडता येतो, पण फक्त स्थिर पात्याचा, लागल्यावर पाती उघडणारा नाही. जाळीतून फोटो मात्र काढू नका, धूसर येतो. जाळीला लेन्सपुरती चीर पाडा.

आणि एक मोठा फरक. हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही. म्हणूनच इथे बंदुकीच्या हंगामात सरकारी जमिनीवरच्या तंबूला चारही बाजूंनी दिसेल असं १४४ चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कापड लावणं सक्तीचं आहे. माणसांना दिसावं म्हणून. हरणं त्याने बुजत नाहीत. पक्ष्यांना रंग आपल्याहून चांगले दिसतात. त्यामुळे तुमची पाण्याची बाटली, निळी चप्पल, पिशवीचा लाल बंद, सगळं आत.

पाणकावळी, जळगाव

माहितीबद्दल आभार, पण मला हे वाचताना त्रास झाला हे सांगते. पक्ष्यांच्या धाग्यावर हरणाला बाण मारण्याचं वर्णन नको होतं. कुणी नवीन मुलगा वाचेल आणि त्याला वाटेल इथेही चालतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यात शिकारीचा अर्थ फक्त मारणं एवढाच नाही. पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी बिघडवणं, हे सगळं त्यात येतं. अभयारण्यात फोटो काढायलासुद्धा आधी परवानगी लागते. यावल अभयारण्यात, पाल गावाकडे, कुणी परस्पर तंबू टाकू नये.

अमळनेरचा_पोर, विस्कॉन्सिन

ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. भारतात हे करता येत नाही आणि करू नये, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. माझी आजी माळकरी होती. मी शिकार करतो हे तिला शेवटपर्यंत सांगू शकलो नाही, आणि ते ओझं माझ्याजवळ आहे. इथे मी एका हंगामात एक हरीण आणतो आणि वर्षभर ते खातो. पण या धाग्यावर मी शिकवण्याजोगं एकच जाणतो, जनावराला न कळता त्याच्याजवळ कसं बसायचं. साध्या धनुष्याने मारायचं तर पंधरा-अठरा मीटरपर्यंतच हिंमत करावी, त्यापुढे जखमी करून सोडण्याची भीती. त्या अंतरावर बसायला शिकलेल्याचं ज्ञान कॅमेऱ्याच्या कामी आलं तर मला आनंदच आहे.

पाणकावळी, जळगाव

समजलं. राग नाही.

पावरी_वाट, धडगाव

मी पावरा. आमच्याकडे तीर-कामठं घरोघरी होतं, अजून लग्नाकार्यात आणि होळीत दिसतं. बांबूचं कामठं, आणि दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची. आजोबा तरुणपणी ओढ्याच्या पाण्यावर बसायचे. आता ते दिवस गेले आणि गेले ते बरं झालं, जंगलात उरलंय काय? पण त्यांनी सांगितलेलं लपणाबद्दलचं सांगतो. तुम्ही हाइड म्हणता ते आमच्यासाठी लपण.

पहिली गोष्ट, हिरवी फांदी लावू नका. पळसाची, सागाची ताजी फांदी दुसऱ्या दिवशी मलूल होते, तिसऱ्या दिवशी तिचा रंग वेगळाच. काल हिरवं होतं ते आज तपकिरी झालेलं पाखराच्या नजरेतून सुटत नाही. जे आधीच वाळलंय तेच लावायचं. तुमच्याकडे केळीची वाळकी पानं, तुराट्या, कडबा मिळेल. शेतकऱ्याला विचारून घ्या. आणि जंगलातली फांदी तर तोडूच नका, गुन्हा आहे.

दुसरी, लपणाला टोक नसावं. सरळ कडा आणि चौकोन जंगलात नसतात. कापडाच्या कोपऱ्यांवर आणि छताच्या कडेला कडबा असा बांधा की रेष मोडेल. सगळा तंबू झाकत बसायची गरज नाही.

तिसरी, लपण पाखराच्या आधी तिथे असलं पाहिजे. मका राखायला आम्ही शेतात माळा घालतो. नवा माळा घातला की चार दिवस पोपट लांब बसतात. पाचव्या दिवशी माळ्याच्याच खांबावर. माणूस आत असो नसो, माळा उभा असला की तो झाडासारखा होऊन जातो.

दगडी_वारा, साक्री

माझा अनुभव फक्त वाऱ्याचा. आमच्या ब्राह्मणवेल पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. तिथल्या माळावर धाविक आणि पखुर्डी बघायला हबवाला तंबू लावला. दुकानातून आलेल्या खुंट्या वीतभर होत्या. खाली खडक, खुंटी शिरेना. दगड ठेवले. दुपारी वाऱ्याचा एक झोत आला आणि तंबू माझ्यासकट कलंडला. कॅमेरा वाचला, तिपाईचा एक पाय गेला.

खुंट्या तंबूसोबतच्या वापरूच नका. खडकावर चारही कोपऱ्यांना दोऱ्या आणि धोंडे. काळ्या मातीत वेगळी पंचाईत. ओली असताना खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच निघते, वाळली की भेगेत पडते. लोहाराकडून हातभर लांबीच्या सळईच्या खुंट्या करून घ्या, वरून वळवलेल्या, आणि तिरक्या ठोका. रिकामी बारदानं सोबत न्या, तिथलीच माती भरून कोपऱ्यांवर ठेवा, निघताना माती परत पसरा. कापड सैल फडफडलं की पक्षी बसत नाहीत, म्हणून स्प्रिंगवाल्यापेक्षा हबवालाच बरा, ताठ राहतो. शिवाय स्प्रिंगवाला मिटवायला शिकावं लागतं. अंधारात, थंड बोटांनी ती गोल घडी घालून बघा म्हणजे कळेल.

तापीकाठ, भुसावळ

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! हबवाला पक्का. माझं धनुष्य नाही, तर छत उंच कशाला? पाच फुटांचं पुरेल असं वाटतं. जितका बुटका तितका वारा कमी. बरोबर का?

अमळनेरचा_पोर, विस्कॉन्सिन

अगदी बरोबर. उंची आमची गरज, तुमची नाही. तुम्ही लांबी-रुंदीवर खर्च करा. कापड मात्र धुऊन घ्या, नुसत्या पाण्याने. कपडे उजळ करणाऱ्या पावडरीने धुतलं तर कापड चमकतं. नव्या कापडाची तकाकी जायला ते अंगणात आठवडाभर उन्हात पडू द्या.

सातपुड्याचा_पायथा, चोपडा

आत शिरण्याचंही लिहून ठेवतो. उजाडायच्या आधी आत. ते जमत नसेल तर दोघांनी मिळून जायचं, एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने परत फिरायचं. पाखरांना माणूस गेलेला दिसतो, दोनातून एक वजा करणं त्यांना बहुधा जमत नाही. निघतानाही तसंच, मित्राला यायला सांगायचं. म्हणजे पाखरं त्याला बघून सावकाश सरकतात, तंबूतून अचानक माणूस निघाला असं होत नाही. एकदा तसं झालं की त्या तंबूवरचा त्यांचा विश्वास गेला.

पाणकावळी, जळगाव

दोन गोष्टी, मग मी थांबते.

उन्हाळ्यात आटत्या पाणवठ्यावर हाइड लावू नका. मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कोसभरात एकच डबकं उरलेलं असतं. त्याच्या दहा मीटरवर नवा तंबू दिसला की तित्तर, पखुर्डी, भेकर तहानलेले परत जातात. तुम्ही पाच तास बसता, त्यांचे ते पाच तास पाण्याशिवाय जातात. मी एका ओढ्यावर हे डोळ्यांनी पाहिलंय. भेकर तीन वेळा झाडीच्या कडेपर्यंत आलं आणि तीनही वेळा वळलं. तंबू माझा होता. मी तो काढला आणि पुन्हा कधी उन्हाळ्यात लावला नाही. घरट्यासमोर तर कुठल्याच ऋतूत नाही.

दुसरी गोष्ट रानपिंगळ्याची, कारण खानदेशात हाइड घेतलेला प्रत्येक जण शेवटी त्याच्याकडे वळतो. १८८४नंतर या पक्ष्याचा विश्वासार्ह पुरावा नव्हता. शंभरावर वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आपल्या मातीत. जगात फक्त भारतात राहणारा हा पक्षी अजून धोक्यातच आहे. त्याच्यासाठी हाइड लागतच नाही. तो दिवसा वावरतो, निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो, लांबून शांत उभं राहिलं तरी नीट दिसतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणारे लोक पाहिलेत मी. तो येतो, कारण त्याला वाटतं हद्दीत दुसरा घुसला. मग आपल्या फोटोसाठी तो शिकार सोडून भांडायला उभा राहतो. कृपा करून हे कुणी करू नका.

तापीकाठ, भुसावळ

ताई, दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतो. तंबू मागवलाय. आला की कळवतो.

तापीकाठ, भुसावळ (पाच आठवड्यांनंतर)

सांगितल्याप्रमाणे वृत्तांत.

पाच फूट उंच, साडेपाच फूट चौरस, हबचा, खाकी. छताला झरोका नव्हता, शिंप्याकडून कापून मच्छरदाणीची जाळी आणि वर झाकण शिवून घेतलं. खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर निघाली, तीही त्यानेच खाली आणली. लोहाराकडून सळईच्या आठ खुंट्या.

जागा गाळपेरीच्या कडेला. तिथले काका टरबूज लावतात. आधी त्यांच्याकडे गेलो, चहा झाला, तंबू कशासाठी ते सांगितलं, लेन्समधून चक्रवाक दाखवला. त्यांनी इतकी वर्षं ते रोज पाहिले होते, पण डोक्याचा तो बदामी रंग एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ लेन्सवरून डोळा काढेनात. मग स्वतःच कडबा दिला आणि रात्री तंबूवर नजर ठेवायचं कबूल केलं.

पहिले सहा दिवस तंबू रिकामाच उभा ठेवला. जड गेलं, पण ठेवला. सातव्या दिवशी पहाटे पाचला आत. आठपर्यंत फक्त टिटव्या. मग शेकाट्या आले, अगदी पुढ्यात, लेन्सला फोकस होईना इतके जवळ. फोटो थोडेच काढले, नुसता बघत राहिलो. कॅमेऱ्याचा शटर मुका करून ठेवला होता.

तिसऱ्या रविवारी चक्रवाकांची जोडी पोहत पोहत तीस मीटरवर आली. मादीने चोच पाठीत खुपसली आणि झोपली. चार वर्षांत माझ्यासमोर एकही चक्रवाक झोपलेला नव्हता. मी हात खाली ठेवले. साडेनऊला काका ठरल्याप्रमाणे चालत आले, जोडी सावकाश आत सरकली, उडाली नाही.

चुका: पहिल्या दिवशी मागच्या खिडकीची चेन अर्धी उघडी राहिली होती, ते काकांनी बाहेरून बघून सांगितलं. पाण्याजवळच्या ओल्या मातीत दोन खुंट्या निघाल्या, बारदानाने वेळ निभावली. आणि दहानंतर झरोका असूनही बसवत नाही, उठावंच लागतं.

पाणी आता चाळीस पावलं मागे गेलंय. या आठवड्यात तंबू पुढे सरकवायचा आहे, पण रोज दहा-दहा पावलं, एकदम नाही, असा विचार आहे. चोपड्याचे दादा, तुम्ही कसं करता? आणि जळगावच्या ताई येत्या रविवारी येणार असतील तर आत दोन खुर्च्या मावतात, मी मोजून पाहिलंय. येताना बारदानं आणा, माझ्याकडची दोन फाटली.